अंतर एक, वेळा दोन

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास
उत्तरं : निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर (विमानाची वाट आखणाऱ्या), चरई, ठाणे

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीला असते. दिवाळीला नातीला घेऊन येते आहे, परतताना मला सोबत नेणार आहे. इंटरनेटवर मुंबई ते नेवार्क अंतर १२,५५० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर चौदा तासांच्या आत पोचायला हवं. तिकिटावर मात्र जाताना १५ तास ५५ मिनिटं आणि येताना १४ तास २० मिनिटं लिहिलंय. गावं तीच, विमान तेच, मग दीड तासाचा फरक कशाचा? शिवाय आमचे हे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सांगतात की विमान अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जातं. नात म्हणते, मागच्या खेपेला खिडकीतून नुसता बर्फ दिसत होता. कोणाचं खरं? आणि हे अंतर घरी काढता येतं का? – सु. वि., नौपाडा

उत्तर : ताई, तुमचा भागाकार बरोबर आहे, तिकीट बरोबर आहे आणि नातही बरोबर आहे. यजमानांची पट्टी तेवढी काढून घ्या.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर खाली काढा, नसेल तर गोखले रोडवर स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर (नेवार्क त्याला लागूनच आहे). दोरा सैल असेल तोवर तो यजमानांच्या मताप्रमाणे अरबस्तानावर पडून राहील. हळूहळू ताणत जा, की तो सरकत सरकत उत्तरेकडे चढेल. पुरता ताणलात की तो सिंध-बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे असा जाऊन फेरो बेटांच्या उत्तरेने आइसलंडवरून निघतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासतो आणि लॅब्राडोरवरून खाली उतरतो. सगळ्यात वरची जागा ६५ अंश उत्तर. नातीचा बर्फ बहुधा तिथलाच. गंमत म्हणजे अमेरिका पश्चिमेला असली तरी या वाटेने मुंबई सोडताना तोंड जवळजवळ उत्तरेला असतं, पश्चिमेकडे फक्त २७ अंश कललेलं.

हीच पृथ्वीवरची सगळ्यात जवळची वाट. आम्ही तिला ग्रेट सर्कल म्हणतो. भिंतीवरच्या नकाशात गोल पृथ्वी ताणून सपाट केलेली असते आणि ध्रुवांकडचा भाग फुगवलेला असतो, म्हणून ही वाट तिथे वाकडी दिसते. पट्टीची वाट सरळ दिसते, पण होकायंत्राची एकच दिशा धरून खरोखर उडलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर उगाच.

आता घरचं गणित. दहावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक आणि साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर पुरेल. मोबाइलचा आडवा धरला की त्यातही येतो. तो डिग्रीवर आहे ना एवढं आधी बघा, रेडियनवर असेल तर नेवार्क भलतीकडेच निघेल. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नेवार्क ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १४७.०४. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती.

दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.२१३३. दोन अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला १४७.०४ च्या कोसाइनने गुणा : उणे ०.६०१२. दोन्हींची बेरीज उणे ०.३८७९. ज्या कोनाचा कोसाइन हा आहे तो कोन ११२.८३ अंश. पृथ्वीच्या मध्यावरून पाहिलं तर मुंबई आणि नेवार्क यांच्यात एवढा कोन आहे. एका अंशाला १११.१९ किलोमीटर, म्हणजे सुमारे १२,५४६. इंटरनेटच्या आकड्याशी चार-पाच किलोमीटरचा फरक राहतो, तो पृथ्वी ध्रुवांशी किंचित चेपलेली असल्यामुळे. त्याची फिकीर करू नका. आमच्या टेबलावर किलोमीटर नसतच, नॉटिकल मैल असत. एका अंशाचे साठ मिनिटं आणि एका मिनिटाचा एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. तुमचा कोन साठाने गुणलात की ६,७७० मैल, झालं काम. जहाजवाल्यांनी हे माप काय विचार करून धरलं असेल याचं मला नोकरीभर कौतुक वाटत आलं.

अंतर झालं. ते तुम्ही आज काढा की दहा वर्षांनी, तेवढंच येणार. वेळेचं तसं नाही, आणि तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे.

पहिली अडचण अशी, की दोऱ्याखालच्या सगळ्या देशांचं आकाश उघडं पाहिजे. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश आपल्याला बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना पुन्हा बंदी झाली आणि ती महिन्यामहिन्याने वाढत गेली. तुमच्या दोऱ्यावरचा पहिलाच मोठा टप्पा गेला. मग विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे निघतं आणि तिथून युरोप गाठतं. ऐकायला हा मोठा वळसा वाटतो. प्रत्यक्षात लांबच्या प्रवासात वळसा तेवढा महाग पडत नाही. मुंबई–लंडन ७,२१० आणि लंडन–नेवार्क ५,५६० मिळून होतात १२,७७०. म्हणजे थेट लंडनच्या डोक्यावरून गेलात तरी सव्वादोनशे किलोमीटरच वाढले, पंधरा मिनिटांचं काम. कराची टाळायची, आखाताकडून जायचं, मधेच कुठे लष्करी सराव चालू असेल तर तो चुकवायचा, असं करत आकडा वाढतो. गणितापुरते आपण १३,२०० धरू.

दुसरी आणि खरी गोष्ट वारा. विमान ज्या उंचीवर उडतं, नऊ ते बारा किलोमीटर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. हाच जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्याची रोजची चाल. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकतो आणि तीनशेच्या वर जाऊ शकतो. विमानाचा ९०० हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. हवाच जर समोरून येत असेल तर जमिनीवरून तेवढी वाट कमी सरते.

रात्रपाळीला आमच्यासमोर वाऱ्याचे तक्ते येत. जगभरच्या विमानांसाठी वाऱ्याचे अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन ही दोन केंद्रं काढतात, दर सहा तासांनी नवे. तक्त्यावर छोटे छोटे बाण असतात. बाणाच्या शेपटीला आखूड रेघ असली तर ५ नॉट (ताशी ५ नॉटिकल मैल), लांब रेघ असली तर १० आणि काळा त्रिकोण असला तर ५०, म्हणजे ताशी ९३ किलोमीटर. अमेरिकेकडे जाणाऱ्या फ्लाइटच्या वाटेत दोन-दोन त्रिकोण दिसले की मी वाट उत्तरेला ढकलून बघे. अंतर वाढे, वेळ घटे. येणाऱ्या फ्लाइटसाठी तेच त्रिकोण शोधून मुद्दाम त्यांच्या पोटात विमान घालायचं. म्हणजे ‘गावं तीच’ हे खरं असलं, तरी जायची आणि यायची वाट सहसा एक नसते. अटलांटिकवर तर वाटा रोज नव्याने आखतात. युरोपकडून अमेरिकेकडे दिवसा जाणाऱ्या वाटा ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक केंद्र ठरवतं आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं मिळतात. अमेरिकेकडून रात्री येणाऱ्या वाटा कॅनडातलं गँडर ठरवतं आणि त्यांची अक्षरं झेडपासून उलटी मोजतात. आजची वाट ए उद्या दोनशे मैल वर असेल.

वाऱ्याचा हिशेब लिहून दाखवते. सबंध वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटर वारा समोरून धरा. वेग उरला ८५०. १३,२०० भागिले ८५०, साडेपंधरा तास. मुंबईला धावपट्टीपर्यंत चालत जाणं, तिकडे उतरून गेटला लागणं, चढता-उतरताना कमी असलेला वेग, याला वीस-पंचवीस मिनिटं. झाले १५ तास ५५ मिनिटं. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९५०, आणि १३ तास ५४ मिनिटं अधिक जमिनीवरची तीच वीस-पंचवीस. तुमचं तिकीट जुळलं. यात एक बारकावा आहे, तो पुष्कळांना पटत नाही. वारा नसता तर एका बाजूला १४ तास ४० मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्याने ५२ मिनिटं खाल्ली, पाठीच्या वाऱ्याने ४६ मिनिटंच परत दिली. जाऊन-येऊन वारा नेहमी थोडं खातोच, कारण वाईट वेगात तुम्ही जास्त वेळ अडकलेले असता.

लांबची वाट लवकर पोचवते याचं ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइटचं. ती अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिला उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० च्या घरात गेलं आणि वेळ दोनेक तासांनी कमी झाली, कारण वारा पाठीशी आला. आणि नुसत्या वाऱ्याची करामत बघायची तर फेब्रुवारी २०२० : वादळामुळे जेट स्ट्रीम पिसाळला होता आणि ब्रिटिश एअरवेजचं जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

आता तिकिटावरच्या वेळेबद्दल, कारण लेकीला आणायला जाताना तुमची गफलत इथेच होईल. ती वेळ त्या दिवसाच्या वाऱ्यावर काढलेली नसते. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्या हंगामात साधारण किती लागतं यावरून तो आकडा ठरतो. तो उडण्यापासून उतरण्यापर्यंतचाही नसतो. गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, तिकडे गेटला लागून चाकांना अडसर लावले की बंद. यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी मोकळी जागा ठेवतात, म्हणजे वेळेवर पोचल्याचं प्रमाण चांगलं दिसतं. ही लबाडी म्हणावी की शहाणपण, हे मी सुखाने निवृत्त झाल्यामुळे बोलत नाही. तेव्हा विमान तिकडून उडालं की मोबाइलवर त्या फ्लाइटची अंदाजे उतरायची वेळ बघा, तिकीट विसरा. वारा चांगला असला तर चाळीस मिनिटं आधीही येईल. त्यापुढे इमिग्रेशन आणि सामानाला तासभर धरा. नौपाड्यातून फार लवकर निघालात तर पार्किंगचे पैसे भराल, बाकी काही नाही.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येईल ना? आणि पश्चिमेकडे जाणारं विमान तर लवकर पोचायला पाहिजे. सर म्हणाले, मासिकाला विचार. – अ. पा., इयत्ता आठवी, ऐरोली

उत्तर : सरांना नमस्कार सांग. बाळा, मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हा त्याचाही तोच वेग असतो आणि भोवतालच्या हवेचाही. वर गेल्यावर तो कुठे टाकून देणार? ठाण्याहून वाशीच्या लोकलने जाशील तेव्हा रबाळे आणि घणसोलीच्या मधे एक रुपया वर उडवून बघ. तो तुझ्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. (दारात उभा राहून करू नकोस.)

पण तुझा प्रश्न वाया जात नाही. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर जमिनीचा वेग १,६७० असतो आणि वर वर तो कमी होत जातो. हवा मात्र मूळचा वेग घेऊन आलेली असते, म्हणून ती खालच्या जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे पळू लागते. जेट स्ट्रीम पूर्वेकडे वाहतो तो यामुळे. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण तुझ्या अंदाजाच्या बरोबर उलटा : पश्चिमेकडे जाणाऱ्याला उशीर. वर सु. वि. ताईंचं उत्तर आहे, त्यातले आकडे सरांना दाखव.

प्रश्न : युरोपहून परतताना समोरच्या स्क्रीनवर वेग ताशी १,१२० किलोमीटर दिसत होता. आवाजाचा वेग त्या उंचीवर याहून कमी असतो असं वाचलं. मग विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली का? – र. जो., कळवा

उत्तर : नाही. बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास थंडी असते आणि त्या हवेत आवाजाचा वेग ताशी साधारण १,०६५ असतो, इथवर तुमचं बरोबर. पण स्क्रीन दाखवते तो जमिनीवरचा वेग. त्यातले ९०० विमानाचे, २२० वाऱ्याचे. हवेच्या दृष्टीने तुम्ही आवाजाच्या ८५ टक्के वेगानेच जात होतात. पुढच्या वेळी त्याच स्क्रीनवर वाऱ्याचा वेग आणि दिशा येते का बघा, पुष्कळ विमानांत येते.

प्रश्न : भावाचं तिकीट मुंबईहून रात्री दीडला सुटतं आणि नेवार्कला त्याच दिवशी सकाळी सातला पोचतं. साडेपाच तासांत अमेरिका? – मी. कु., वाशी

उत्तर : दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असतं. जाताना ते मिळवा : साडेपाच अधिक साडेदहा, सोळा तास. येताना वजा करा. तिकडून सकाळी साडेअकराला निघून इथे दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२० ला आला, तर कॅलेंडरवर २४ तास ५० मिनिटं, त्यातून साडेदहा गेले, राहिले १४ तास २० मिनिटं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेदहाच्या जागी साडेनऊ. दिवाळी कधी या रविवारच्या अलीकडे येते, कधी पलीकडे, त्यामुळे फराळाचे डबे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांचा गोंधळ ठरलेला. आपलं घड्याळ बिचारं बाराही महिने जागचं हलत नाही.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिथून दुबईला किंवा नागपूरला जायला मुंबईपेक्षा कमी वेळ लागेल का? राहतो घोडबंदर रोडला. – श्री. म., ठाणे

उत्तर : दोन विमानतळांत सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर आहेत. दुबई वायव्येला, म्हणून उलव्याहून (नवी मुंबई विमानतळ तिथेच आहे) चोवीसेक किलोमीटर जास्त. नागपूर पूर्वेला, म्हणून सोळाएक कमी. हवेत याचा अर्थ एक-दोन मिनिटं, तो मनातून काढून टाका. फरक पडला तर जमिनीवर पडेल. सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत, त्यामुळे गर्दीच्या तासांना रांगेत उभं राहणं आलंच. ब्लॉक टाइममध्ये ती रांग धरलेली असते. उलव्याला सध्या एकच धावपट्टी आहे, पण विमानंही कमी आहेत.

तुमच्यासाठी मात्र हिशेब वेगळा. माजिवड्यापासून ऐरोली, मग ठाणे–बेलापूर रस्ता, पुढे पाम बीच आणि उलवे. हे अंतर सहारपेक्षा बरंच जास्त आहे, पण गर्दी कमी असली तर पहाटेच्या फ्लाइटला ते निभतं. संध्याकाळच्या फ्लाइटला निघायच्या आदल्या दिवशी त्याच वेळी मोबाइलवर दोन्ही वाटांना किती लागतंय ते बघून ठेवा. आणि तुम्ही घोडबंदर रोडवर पार पुढे, गायमुखच्या बाजूला राहत असाल तर कुठल्याही विमानतळासाठी त्यात एक तास आणखी मिळवा.